लिनक्सवर ऑडिओ सीडी बर्न करताना आवाज का बिघडतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीडीचा जमाना संपला असं सगळे म्हणतात आणि तरीही मला दर महिन्याला तेच प्रश्न येतात. कुणाला वडिलांच्या कॅसेटी सीडीवर हव्या असतात, कुणाच्या गाडीतला प्लेअर दुसरं काही वाजवत नाही, कुणाला क्लासमधल्या मुलांना रियाजासाठी तानपुरा द्यायचा असतो. आणि मग सीडीत टिकटिक, खरखर, अडखळणं. एकेकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं इथे एकत्र केलं आहे. प्रोग्रामची आणि पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची. नेमकं स्पेलिंग त्या प्रोग्रामच्या मॅन पानावर (टर्मिनलमधल्या मदतीच्या पानावर) मिळेल.

१. ऑडिओ सीडी आणि एमपीथ्रीची सीडी, दोन्ही गाण्याच्याच ना? मग फरक काय?

जमीन-अस्मानाचा. एमपीथ्रीची सीडी म्हणजे फाइली ठेवलेली डेटा सीडी. ऑडिओ सीडीवर फाइल नावाची गोष्टच नसते. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली ठरवलेल्या ‘रेड बुक’ मानकाप्रमाणे त्यावर सलग आवाज असतो: सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (आवाजाच्या लाटेची एकेक मोजणी), प्रत्येक १६ बिटचं, डावा आणि उजवा असे दोन चॅनल. हा आवाज २,३५२ बाइटच्या तुकड्यांत लिहिला जातो आणि सेकंदाला असे ७५ तुकडे वाचले जातात.

खरखरीशी याचा थेट संबंध आहे. डेटा सीडीत त्याच २,३५२ बाइटपैकी फक्त २,०४८ बाइट तुमच्या फाइलीचे असतात. उरलेल्यांपैकी २७६ बाइट चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेले असतात. ऑडिओ सीडीत ही राखीव जागा नाही, तीही आवाजानेच भरलेली असते. म्हणजे चूक दुरुस्तीचा एक थर कमी. म्हणून त्याच ड्राइव्हवर, त्याच कंपनीच्या कोऱ्या सीडीवर तुमचे फोटो सुखरूप राहतात आणि गाण्यात मात्र टिक येते. वाचता न आलेल्या जागी प्लेअर आजूबाजूच्या सॅम्पलवरून अंदाज बांधतो. अंदाजही जमला नाही तर क्षणभर गप्प बसतो. तुम्हाला ऐकू येते ती ‘टक्’ बऱ्याचदा त्या गप्प बसण्याची असते.

२. माझ्या सीडीत आवाज बिघडलाय. सुरुवात कुठून करू?

दुसरी कोरी सीडी हातात घेऊ नका. हा सल्ला मी सगळ्यात जास्त वेळा देतो आणि तोच सगळ्यात कमी पाळला जातो. गाणं पाच ठिकाणांहून प्रवास करतं: मूळ फाइल, तिची केलेली वेव्ह (आवाजाची न दाबलेली फाइल), बर्न, चकती आणि प्लेअर. बिघाड यांपैकी एका ठिकाणी घुसलेला असतो. ते ठिकाण कळल्याशिवाय कितीही सीडी वाया घालवल्या तरी उपयोग नाही.

पहिलं काम: जी वेव्ह बर्न झाली तीच वेव्ह कॉम्प्युटरवर हेडफोन लावून ऐका. एमपीथ्री ऐकून चालणार नाही, वेव्हच ऐका. तिच्यात त्या सेकंदाला टिक असेल तर बर्नरला दोष देणं सोडा आणि प्रश्न ४, ८, ११, १३ पाहा.

वेव्ह स्वच्छ असेल तर सीडी निदान दोन वेगळ्या प्लेअरवर वाजवून पाहा.

- दोन्हीकडे, दर वेळी त्याच सेकंदाला टिक: बर्नमध्ये किंवा चकतीत दोष.
- त्याच जागी, पण एकाच प्लेअरवर: त्या प्लेअरचं आणि त्या चकतीचं जमत नाही (प्रश्न १२).
- दर वेळी वेगळ्या जागी: प्लेअरचं भिंग मळलं असण्याची शक्यता जास्त.

आणखी एक खूण म्हणजे टिकटिकीची लय. ऑडिओ सीडी वाजताना आतल्या कडेला मिनिटाला साधारण ५०० फेऱ्या घेते, बाहेर जाता जाता २०० पर्यंत उतरते. म्हणजे मध्यापासून कडेकडे ओरखडा असेल तर पहिल्या गाण्यात सेकंदाला सुमारे आठ टिक येतील आणि शेवटच्या गाण्यात तीन-चार. अशी मशीनगनसारखी, हळूहळू मंदावणारी टिकटिक ऐकू आली तर सीडी उलटी धरून उजेडात पाहा, ओरखडा दिसेल.

३. सीडी लावली की नुसता ‘खर्रर्र’ असा भयंकर मोठा आवाज. गाणं कुठेच नाही!

आधी आवाज कमी करा, स्पीकर जाईल. आता कारण: प्रत्येक सॅम्पलचे दोन बाइट उलट्या क्रमाने लिहिले गेले आहेत. सीडीरेकॉर्ड आणि वोडिम या बर्न करणाऱ्या प्रोग्रामना हेडर (फाइलीच्या सुरुवातीची माहिती) नसलेली कच्ची फाइल दिली की ते मोठा बाइट आधी आहे असं धरून चालतात. आपल्या पीसीवर बनलेल्या कच्च्या फाइलीत बहुधा लहान बाइट आधी असतो. उपाय दोन: ‘स्वॅब’ हा पर्याय द्या, किंवा (मी हेच सुचवेन) कच्ची फाइल वापरूच नका, वेव्ह द्या. वेव्हच्या हेडरमध्ये सगळं लिहिलेलं असतं, प्रोग्राम ते वाचून हेडर काढून टाकतो.

याचा एक छोटा भाऊही आहे. प्रत्येक गाण्याच्या अगदी सुरुवातीला एक बारीक ‘टिक्’ येते आणि पुढे सगळं ठीक. वेव्हचं हेडर आवाज समजून सीडीवर गेलं की असं होतं. साधं हेडर ४४ बाइटचं, म्हणजे जेमतेम ११ सॅम्पल. फाइलीचं नाव बदलून कच्च्या फाइलीचं एक्स्टेन्शन लावलं की हा प्रकार घडतो.

४. गाणं नीट वाजतं, पण संथ आणि जाडसर. पेटीवर पट्टीच जुळत नाही.

तुमची फाइल ४८,००० हर्ट्झची होती आणि ती ४४,१०० ची समजून लिहिली गेली. एक मिनिटाचं गाणं ६५ सेकंदांना पोचतं आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वराने (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक अर्धस्वर) खाली येतो. काळी दोनमध्ये गायलेलं गाणं काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधे कुठेतरी लोंबकळतं. पेटीवाल्यांच्या हे पहिल्या ओळीत लक्षात येतं, बाकीच्यांना नुसतं ‘काहीतरी विचित्र’ वाटतं.

हे ४८,००० येतं कुठून? व्हिडिओचा आवाज बहुधा तसाच असतो. ओपस प्रकारची फाइल उलगडली की ४८,००० चीच होते. पाइपवायर या लिनक्सच्या आवाजयंत्रणेचा ठरलेला दरही तोच आहे. शहाणे प्रोग्राम अशी वेव्ह नाकारतात (वोडिम ‘ऑडिओ कोडिंग अयोग्य’ अशा अर्थाचा संदेश देऊन थांबतो) किंवा स्वतः बदलून घेतात. घोळ होतो तो कच्ची फाइल दिल्यावर. सॉक्स किंवा एफएफएमपेग या फाइल बदलणाऱ्या प्रोग्रामने दर ४४,१००, चॅनल दोन, १६ बिट असं करून घ्या आणि मग बर्न करा.

उलट, गाणं दुप्पट वेगाने आणि एक सप्तक वर, चिपमंकसारखं वाजत असेल तर मोनो फाइल स्टिरिओ समजून लिहिली गेली आहे. जुन्या कॅसेटी, भाषणं, कीर्तनं मोनोत घेतली असतील तर हे होतं.

५. कोणता प्रोग्राम वापरू? केथ्रीबी, ब्रासेरो, की टर्मिनल?

बहुतेकांना केथ्रीबी पुरेसं आहे. त्यात ‘इमेज आधी तयार करा’ हा पर्याय चालू ठेवा, म्हणजे एमपीथ्री उलगडणं आणि बर्न करणं ही दोन कामं एकाच वेळी होत नाहीत. डेबियन आणि उबंटूवर एमपीथ्रीसाठी जादा कोडेकचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं. ते नसेल तर फाइल प्रोजेक्टमध्ये येतच नाही. ब्रासेरो आणि एक्सएफबर्न साध्या कामाला बरे, पण ट्रॅकमधल्या जोडांवर बारीक ताबा हवा असेल तर अपुरे.

पडद्यामागे मात्र खरं काम दुसरेच करतात. सीडीआरटूल्समधला सीडीरेकॉर्ड हा यॉर्ग शिलिंग यांचा. परवान्याच्या वादातून २००६ साली डेबियनने त्याची वेगळी शाखा काढली, ती सीडीआरकिट, आणि त्यातला बर्न करणारा प्रोग्राम वोडिम. अनेक वितरणांत ‘सीडीरेकॉर्ड’ टाइप केलं तरी वोडिमच चालतो, हे लक्षात ठेवा. वोडिमवर फार काम होत नाही. तो कुरकुर करत असेल तर सीडीआरस्किन वापरून पाहा, त्याचे पर्याय जवळजवळ तेच आहेत आणि तो लिबबर्नवर चालतो. सलग मैफल, थेट रेकॉर्डिंग अशा कामांना माझी पसंती सीडीआरडाओला (प्रश्न ८).

६. प्रत्येक गाण्यानंतर दोन सेकंदांची शांतता येते. ख्यालात विलंबित संपून द्रुत सुरू होतो तिथेच तानपुरा तुटतो.

बर्न ‘टाओ’ (एकेक ट्रॅक सुटा लिहिण्याच्या) पद्धतीने झाला आहे. त्यात लेझर प्रत्येक ट्रॅकनंतर बंद होतो, पुन्हा सुरू होतो आणि मधे १५० तुकड्यांची, म्हणजे दोन सेकंदांची मोकळी जागा सोडतो. काही प्लेअरवर त्या सांध्याशी टिकही ऐकू येते, कारण लेझर थांबला-सुरू झाला त्या खुणा तिथे राहतात. ‘डाओ’ किंवा ‘साओ’ निवडा. त्यात सगळी सीडी एका दमात लिहिली जाते. केथ्रीबीत त्याशिवाय प्रत्येक ट्रॅकच्या गुणधर्मांत पोस्ट-गॅप शून्य आहे ना, तेही पाहा.

पहिल्या ट्रॅकच्या आधीचे दोन सेकंद मात्र कधीच जात नाहीत. ते मानकातच आहेत आणि प्लेअर ते वगळूनच वाजवतो.

७. डाओमध्ये बर्न केलं, मोकळी जागा गेली, तरी जोडावर ‘टिक्’ आहेच.

हा माझा आवडता प्रश्न. कारणं दोन आणि दोन्ही एकदम असू शकतात.

एक: ट्रॅक फक्त तुकड्याच्या सीमेवरच संपू शकतो. एका तुकड्यात ५८८ स्टिरिओ सॅम्पल. तुम्ही मैफल मनाला येईल तिथे कापली आणि शेवटच्या तुकड्यात ३०० सॅम्पलच उरले, तर बाकीचे २८८ शून्याने भरले जातात. वोडिमचा ‘पॅड’ पर्याय नेमकं हेच करतो. गाणं संपून शांतता असेल तर कुणाला पत्ता लागत नाही. तानपुरा चालू असेल तर सहा-सात मिलिसेकंदांची ही खाच कानाला टोचते.

दोन: फाइली एमपीथ्री असतील तर प्रत्येक फाइलीच्या दोन्ही टोकांना मुळातच शांतता चिकटलेली असते. एमपीथ्री १,१५२ सॅम्पलच्या घासांत चालतं. लेम एन्कोडर सुरुवातीला ५७६ सॅम्पल सोडतो आणि उलगडताना त्यात आणखी ५२९ ची भर पडते. लेम याची नोंद फाइलीत ठेवतो, पण ती नोंद वाचून तेवढं कापायचं हे सगळ्याच प्रोग्रामना सुचत नाही.

८. मग सलग मैफलीची सीडी बिनटिकेची कशी करायची?

कापूच नका. सगळी मैफल एका वेव्हमध्ये ठेवा आणि ट्रॅक कुठे सुरू होतो ते वेगळ्या क्यू किंवा टॉक फाइलीत मिनिट:सेकंद:फ्रेम अशा मापाने लिहा. फ्रेम म्हणजे तोच सेकंदाचा ७५ वा भाग. सीडीआरडाओला ती फाइल दिली की आवाज सलग जातो, ट्रॅकच्या खुणा फक्त वरून लागतात. भरणी करावी लागलीच तर ती सगळ्या सीडीच्या शेवटी एकदाच.

फाइली आधीच कापलेल्या असतील आणि त्या फ्लॅक (आवाज न बिघडवता दाबलेल्या) किंवा वेव्ह असतील, तर एसएचएनटूल या प्रोग्रामचा ‘लेन’ प्रकार कोणती फाइल सीमेवर बसत नाही ते दाखवतो आणि ‘फिक्स’ प्रकार उरलेले सॅम्पल पुढच्या फाइलीत ढकलून सगळ्यांना सीमेवर आणतो. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये कापायचं असेल तर निवडीचं माप ‘सीडीडीए फ्रेम’ ठेवा आणि स्नॅप चालू करा. एमपीथ्री असतील तर मूळ फ्लॅक किंवा कॅसेट शोधा. ते शक्य नसेल तर लेमची नोंद मानणाऱ्या प्रोग्रामने उलगडा, मग जोडा, मग क्यू फाइल करा.

तपासणीसाठी मी दहा मिनिटांच्या सलग तानपुऱ्याची एक वेव्ह ठेवली आहे. तिच्यावर मधेच तीन खुणा टाकून सीडी बनवायची आणि डोळे मिटून ऐकायची. ट्रॅक कधी बदलला हे कळलं तर काहीतरी चुकलं आहे. तबल्याच्या ठेक्यात टिक लपते, तानपुऱ्यात कुठेच लपत नाही. बाजारातली कुठलीही चाचणी सीडी मला याहून बरी वाटलेली नाही.

९. स्पीड किती ठेवू? जितका कमी तितकं चांगलं ना?

नव्वदच्या दशकात ते खरं होतं. आजच्या कोऱ्या सीडीवरचा रंगद्रव्याचा थर जास्त स्पीडसाठी बनवलेला असतो आणि लेझर किती ताकदीने मारायचा याचे आराखडे ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये त्या स्पीडसाठी असतात. फार हळू लिहून चुका वाढलेल्याही मी पाहिल्या आहेत. ५२ एक्सचीही गरज नाही. १६ ते २४ एक्स या दरम्यान थांबा. ड्राइव्ह मागितलेला स्पीड देतोच असं नाही, जवळचा जो जमेल तो घेतो. बर्न सुरू होताना पडद्यावर खरा स्पीड छापला जातो, तो वाचा.

१०. गाण्याच्या मधेच क्षणभर अडखळल्यासारखं होतं. बर्न करताना मी दुसरं काम करत होतो, त्याने होतं का?

होऊ शकतं. ड्राइव्ह थांबत नसतो, त्याला सतत बाइट पुरवत राहावे लागतात. पुरवठा तुटला की बफर अंडररन. पूर्वी एवढ्याने सीडी कचऱ्यात जायची. सान्योचं बर्न-प्रूफ आल्यापासून ड्राइव्ह लेझर थांबवतो आणि बाइट आले की त्याच जागेपासून पुढे जोडतो. वोडिममध्ये याचं नाव ‘बर्नफ्री’. डेटाला हा जोड कळत नाही. ऑडिओला, विशेषतः जुन्या ड्राइव्हवर लिहिलेल्या आणि जुन्या प्लेअरवर वाजवलेल्या सीडीत, कधी कधी कळतो.

अंदाज करत बसू नका, बर्न संपल्यावरचे शेवटचे संदेश वाचा. फिफो (ड्राइव्हकडे जाण्याआधी बाइट साठवणारी मेमरी) किती वेळा रिकामा झाला आणि बर्नफ्री किती वेळा वापरावं लागलं, हे तिथे आकड्यांत छापलेलं असतं. रिकामा शून्य वेळा आणि बर्नफ्रीची गरज पडली नाही, असं असेल तर पुरवठा ठीक होता. बिघाड दुसरीकडे शोधा.

गरज पडली असेल तर आधी स्पीड उतरवा. वोडिमचा नेहमीचा फिफो ४ मेगाबाइटचा असतो. १६ एक्सला सेकंदाला सुमारे २८ लाख बाइट लागतात, म्हणजे फिफो दीड सेकंद पुरतो. ४८ एक्सला अर्धाच सेकंद. ‘एफएस’ पर्यायाने तो ३२ किंवा ६४ मेगाबाइट करा. वेव्ह पेन ड्राइव्हवर किंवा नेटवर्कवर असतील तर आधी डिस्कवर उतरवून घ्या. आणि बाहेरचा यूएसबी बर्नर असेल तर हब काढून थेट पोर्टला जोडा. एका संगीत क्लासच्या बर्नरने मला तीन आठवडे छळलं. शेवटी कळलं की त्याच हबवर मोबाइल चार्जिंगला लावलेला असायचा.

सीडी वाया न घालवता हे तपासायचं तर ‘डमी’ पर्याय आहे. लेझर न पेटवता सगळा बर्न पार पडतो आणि शेवटचे आकडे मिळतात.

११. बाकी गाणं छान, पण तार सप्तकात आवाज फाटतो.

हे क्लिपिंग, आणि ते बर्नच्या आधीच झालेलं असतं. एमपीथ्री उलगडताना आवाजाची शिखरं मूळपेक्षा थोडी उंच येतात. मूळ रेकॉर्डिंग छताला टेकलेलं असेल तर १६ बिटमध्ये ती मावत नाहीत आणि सपाट कापली जातात. सॉक्सने वेव्ह केलीत तर तो किती सॅम्पल कापले गेले याची सूचना देतो. ‘गार्ड’ पर्याय दिला तर आवाज आपोआप थोडा उतरवून घेतो.

सगळी गाणी एका पातळीवर आणायला लोक केथ्रीबीतलं नॉर्मलाइझ वापरतात. वेगवेगळी गाणी असतील तर हरकत नाही. सलग मैफलीत मात्र प्रत्येक ट्रॅकची पातळी वेगळी बदलली की जोडावर तानपुरा एकदम चढतो किंवा उतरतो. एफएफएमपेगचं लाउडनॉर्म वापरणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा: एका फेरीत चालवलं की ते १,९२,००० हर्ट्झची फाइल बाहेर टाकतं. दर ४४,१०० असा स्पष्ट सांगा, नाहीतर बर्नर ती नाकारेल.

१२. घरी छान वाजते. गाडीत मात्र अडकते, किंवा ओळखलीच जात नाही.

सीडी-आरडब्ल्यू वापरलीत का? साध्या सीडी-आरवरून साधारण दोन तृतीयांश प्रकाश परततो, आरडब्ल्यूवरून पाचव्या हिश्श्याच्या आसपास. जुन्या प्लेअरच्या डोळ्याला तो पुरत नाही. गाडीसाठी सीडी-आरच घ्या, डाओमध्ये लिहा आणि शेवटी ती बंद झाली आहे, म्हणजे फायनलाइझ झाली आहे, याची खात्री करा.

शेवटचीच गाणी अडखळत असतील तर सीडी काठापर्यंत भरलेली आहे. ८० मिनिटांच्या सीडीत ७९:५० भरायचा मोह होतो, पण बाहेरच्या कडेला चुका नेहमीच जास्त असतात. ७४ मिनिटांवर थांबा. वरून चिकटवलेलं कागदी लेबल असेल तर ते दुसरं कारण: जरासं तिरकं बसलं तरी चकती डगमगते, आणि उन्हातल्या गाडीत त्याचा डिंक सुटतो तो वेगळाच.

१३. कॅसेटवरून घेतलेल्या गाण्यात टिक आहेत. टेपची खरखर की कॉम्प्युटरची चूक?

टेपची खरखर सलग असते, पावसासारखी. कॉम्प्युटरची चूक सुटी ‘टक्’ असते, आणि तिच्या जागी थोडा आवाज गायबही असतो. त्यामुळे कॅसेटवर ४५ मिनिटांची बाजू फाइलीत काही सेकंद कमी भरते. ऑडॅसिटीत टिकेच्या जागी खूप झूम करा. लाट मधेच तुटून दुसऱ्या उंचीवर उडी मारत असेल तर रेकॉर्ड करताना बफर भरून वाहिला होता. लेटन्सी वाढवा, ब्राउझर बंद करा, ती बाजू पुन्हा घ्या. अशी टिक नंतर घासून काढता येते, पण गेलेला आवाज परत येत नाही.

१४. डीव्हीडीवर जास्त मावतं. तिच्यावर ऑडिओ सीडी बनवू का?

नाही. रेड बुक फक्त सीडीसाठी आहे. डीव्हीडीवर एमपीथ्री किंवा फ्लॅक फाइली ठेवता येतील, पण त्या सीडी प्लेअर वाजवणार नाही.

१५. विकतच्या सीडीची घरच्यासाठी प्रत केली. मूळ सीडी स्वच्छ, प्रतीत टिक.

टिक वाचताना आली. साध्या रिपरने (सीडीवरून गाणी उतरवणाऱ्या प्रोग्रामने) एकदा वाचलं, चुकलं, पुढे गेला. सीडीपॅरानोइया तीच जागा पुन्हा पुन्हा, एकावर एक चढवून वाचतो आणि जुळेपर्यंत सोडत नाही. चालताना तो ओळीवर खुणा आणि स्मायली दाखवतो. स्मायलीचा चेहरा उतरला की समजायचं, सीडी पुसायला काढा. मऊ कापडाने, मध्यापासून कडेकडे, गोल गोल नाही. दोनदा रिप करून दोन्ही फाइलींची बेरीज (चेकसम) जुळवून पाहणं हा त्याहून पक्का मार्ग, आणि व्हिपर हा रिपर हे काम स्वतःच करतो.

एक अपवाद. प्रतीत टिक नाही, पण आवाज मूळपेक्षा चरचरीत आणि टोकदार वाटतो, असं असेल तर मूळ सीडी प्री-एम्फसिसची असू शकते. ऐंशीच्या दशकातल्या काही सीडींत उंच स्वर मुद्दाम वाढवून ठेवलेले असतात आणि प्लेअर एक खूण वाचून ते उतरवतो. रिप करताना ती खूण हरवते. सीडीआरडाओच्या टॉक फाइलीत ट्रॅकला प्री-एम्फसिसची खूण परत देता येते.

१६. बर्न केलेली सीडी परत रिप केली, पण एमडीफाइव्ह बेरीज मूळ वेव्हशी जुळत नाही. म्हणजे बर्न बिघडलं?

तसंच असेल असं नाही. ऑडिओ वाचताना ड्राइव्ह नेमक्या सॅम्पलवर उभा राहत नाही, थोडा मागेपुढे सरकतो. कुणी ६ सॅम्पलने, कुणी ६६७ ने. लिहितानाही असाच सरकतो. आवाज तोच, पण सुरुवात हललेली, आणि एमडीफाइव्हला एवढंही चालत नाही. दोन्ही वेव्ह ऑडॅसिटीत एकाखाली एक आणा, सॅम्पल जुळवा, एक उलटी करा आणि मिसळा. पूर्ण शांतता मिळाली तर बर्न निर्दोष. शांततेत मधेच कुठे ठिपका उभा राहिला तर तीच तुमची टिक, सेकंदासकट.

१७. रूट म्हणून चालवलं तर बरं होतं का?

पूर्वी वोडिमला स्वतःची मेमरी पकडून ठेवायला आणि वरची प्राधान्यता घ्यायला रूट लागायचं, त्याचा थोडा फायदा होता. आजच्या मशीनवर फरक जाणवत नाही. तुमचं खातं ‘सीडीरॉम’ गटात असलं की पुरे.

१८. दोन वर्षं नीट वाजलेली सीडी आता खरखरतेय.

रंगद्रव्य विटलं. खिडकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या सीडीचं असंच होतं. उशीर करू नका: आहे तेवढी आजच सीडीपॅरानोइयाने उतरवून घ्या, शक्य तर दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर. एकाला न वाचता आलेली जागा दुसरा वाचतो, असं बऱ्याचदा होतं.

१९. सगळं केलं. फाइल तपासली, डाओ केलं, स्पीड उतरवला, ड्राइव्ह बदलला. टिक तशीच, त्याच जागी.

घड्याळ घेऊन टिका मोजा. दर १.८ सेकंदाला एक येत असेल तर ती एलपीवरच्या ओरखड्याची आहे, कारण ३३⅓ फेऱ्यांची तबकडी एका फेरीला तेवढाच वेळ घेते. सेकंदाच्या तीन चतुर्थांशापेक्षा किंचित जास्त अंतर असेल तर ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी. नाट्यसंगीताची कितीतरी जुनी रेकॉर्डिंग अशाच तबकड्यांवरून पुढे कॅसेटवर, तिथून सीडीवर आणि तिथून तुमच्या एमपीथ्रीत आलेली असतात, आणि टिक सगळा प्रवास त्यांच्याबरोबर करते.

ऑडॅसिटीत क्लिक काढायची सोय आहे. पण ती जपून, आणि पूर्ण गाण्यावर एकदम नको. तबल्याच्या चाटीवरचं बोट आणि झांजेचा पहिला ठोका हेही तिला क्लिकच वाटतात. आधी मूळ वेव्हची प्रत बाजूला ठेवा आणि मग एकेक टिक निवडून काढा.